घारकड्यावरची ढील

घारकड्यावर मुलींना चढायला शिकवणार, असं म्हाळसानं बापाला सांगितलं तेव्हा म्हस्कू जेवत होता. हातातला भाकरीचा तुकडा त्यानं परत ताटात ठेवला, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि उठता उठता एवढंच म्हणाला, "दुसरी जागा बघ. तितं दोर न्यायाचा न्हाय."

"का पण, आबा?"

"न्हाय म्हंजी न्हाय."

आणि सायकल काढून तो एसटीच्या थांब्याकडं निघून गेला. एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्यावर तो रात्रपाळीचा राखणदार होता.

म्हाळसानं ते फारसं मनावर घेतलं नाही. म्हाताऱ्यांचे नाना समज असतात. ती स्वतः याच माळावर वाढलेली. घरची मेंढरं विकली तेव्हा ती सातवीत होती. तोवर कोकरू खडकात अडकलं की पायातलं काढून वर जाणारी तीच. पुढं बारामतीला कॉलेजात तिच्या त्या पायांची कुणीतरी पारख केली, शिष्यवृत्ती मिळाली, हिमालयात जाऊन तिनं गिर्यारोहणाचे दोन अभ्यासक्रम पुरे केले आणि परत येऊन बारामतीच्याच एका कॉलेजात क्रीडाशिक्षिका झाली. धनगराची पोर बर्फात जाऊन आली म्हणून गावात, लासुर्ण्यात, तिचा सत्कारही झाला होता. त्या दिवशी म्हस्कू मागच्या रांगेत बसला होता आणि टाळ्या वाजवताना रडला होता.

घारकडा लासुर्ण्याच्या उत्तरेला, माळ जिथं एकदम तुटतो तिथं उभा होता. उंची म्हणाल तर सत्तर-पंचाहत्तर फूट, पण सरळसोट. काळा, घट्ट दगड. पावसाळा सरला की आठ दिवसांत खडखडीत कोरडा होणारा. मधोमध त्याला पोट सुटल्यासारखा एक फुगवटा होता. त्या फुगवट्याच्या वर गेलेलं माणूस खालून दिसत नसे. शिकवायला याच्याइतकी नामी जागा बारामती-इंदापुरात दुसरी नव्हती. १९९६च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, म्हाळसा आठ मुलींना घेऊन तिथं गेली.

शिकवण्याची रीत सोपी होती. माथ्यावर दगडात पक्की कडी ठोकलेली. दोर त्या कडीतून फिरवून दोन्ही टोकं खाली सोडलेली. एक टोक चढणाऱ्या मुलीच्या कमरेला, दुसरं खाली उभ्या असलेल्या मुलीच्या हातात. वरची चढेल तसतसा खालचीनं दोर ओढून घ्यायचा, म्हणजे पाय सुटला तरी ती पडत नाही, लोंबकळते. वरची म्हणाली 'ताण', तर दोर घट्ट. वरची म्हणाली 'ढील', तरच थोडा सोडायचा. म्हाळसानं पहिल्याच दिवशी मुलींकडून ते दोन शब्द शंभर वेळा म्हणवून घेतले.

"चढणारीचा जीव तुमच्या हातात असतो," ती म्हणाली. "आणि तुमचे कान तिच्या तोंडाशी. तिसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. माझंसुद्धा नाही."

पहिले दोन रविवार छान गेले. माळावरचं गवत वाळून कुसळं झाली होती, ती मुलींच्या सलवारीत घुसायची आणि त्या उतरल्यावर सावलीला बसून एकमेकींची कुसळं काढायच्या. सगळ्यांत चपळ होती सोमेश्वरनगरची उत्कर्षा. ऊस पिकवणाऱ्या घरातली, बोलायला फटकळ, दगडाला हात लावला की मात्र अगदी गप्प होणारी. तिचा दोर धरायला बहुतेक वेळा स्वप्नाली असे. ती जाडसर, भित्री, पण कामाला चोख. दोघींची जोडी जमली होती.

तिसऱ्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला उत्कर्षा फुगवट्याच्या वर गेली आणि दिसेनाशी झाली. ऊन ताठ डोक्यावर होतं. वारा नव्हता. मुली खाली गप्पा मारत होत्या. म्हाळसा स्वप्नालीच्या मागं, दोराच्या शेपटाजवळ उभी होती.

"ढील!" वरून आवाज आला.

स्वप्नालीनं हातभर दोर सोडला.

"अजून. ढील दे गं, स्वप्ने!"

स्वप्नालीनं आणखी सोडला. आणि त्याच क्षणी वरून दगड घसरल्याचा आवाज आला, पाठोपाठ किंकाळी, आणि सैल पडलेला सगळा दोर एका झटक्यात स्वप्नालीच्या मुठीतून धावत वर गेला. म्हाळसानं शेपटावर झडप घातली आणि अंग मागं टाकलं. उत्कर्षा दहा-बारा फूट खाली येऊन फुगवट्यावर आदळली आणि तिथंच लोंबकळत राहिली. गुडघा फुटला होता. बाकी जीव शाबूत.

खाली उतरवल्यावर ती आधी स्वप्नालीच्याच अंगावर गेली. "दोर का सोडलास? मारायला निघाली होतीस का?"

"तूच म्हणालीस ना ढील म्हणून! दोनदा म्हणालीस!"

"मी? मी एक शब्द बोलले नाही. माझ्या दातांत वेणी होती. तोंडावर यायला लागली म्हणून मी ती दातांत धरली होती!"

स्वप्नाली रडायला लागली. बाकीच्या मुली म्हाळसाच्या तोंडाकडं बघायला लागल्या. म्हाळसानं जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हणाली, "प्रतिध्वनी असेल. मघाशी दुसरी कुणी तरी 'ढील' म्हणाली असेल, ते समोरच्या टेकाडावर आपटून उशिरा आलं. होतं असं कधी कधी."

मुलींना पटलं. निदान त्यांनी पटल्याचं दाखवलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हाळसाला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. कारण तो आवाज तिनंही ऐकला होता. 'ढील दे गं, स्वप्ने.' तो उत्कर्षाचाच होता, तिचा तो किंचित घोगरा सूर, 'स्वप्ने'वर येणारा हेलसुद्धा. प्रतिध्वनी कधी नाव घेऊन दोर मागत नाही.

बुधवारी कॉलेज लवकर सुटलं तशी लूना काढून ती एकटीच कड्याखाली गेली. बरोबर दोराचं एक भेंडोळं घेतलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील. ती कड्याकडं तोंड करून ओरडली, "ताण!"

समोरच्या टेकाडावरून एकदा, स्वच्छ, तिचाच आवाज परत आला. ताण.

"उत्कर्षा!" उत्कर्षा, टेकाड म्हणालं.

"ढील!"

काही आलं नाही. ती थांबली. पुन्हा ओरडली. तीनदा ओरडली. बाकी सगळे शब्द परत येत होते, तिचं स्वतःचं नावसुद्धा आलं; तेवढा एक शब्द मात्र कड्यानं गिळल्यासारखा झाला. पण ती शिकलेली बाई होती. दगडाच्या खाचा, वाऱ्याची दिशा असं काहीबाही मनाशी मांडत ती दोर गुंडाळायला वाकली.

तिच्या डोक्यावर, फुगवट्याच्या वरून, तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "ढील."

अगदी हलकेच. गुपित सांगावं तसं.

तिनं दोर तिथंच टाकला. पळणं बरं दिसत नाही म्हणून भराभर चालत ती पायवाटेला लागली. वाटेवर शकुबाई शेरडं चारत होती. सत्तरीची म्हातारी, डोईवर पदर, हातात काठी.

"कुणाची गं तू?"

"म्हस्कूची. म्हाळसा."

"म्हस्कूची?" म्हातारीनं तिला खालवर न्याहाळलं. "आन् त्यानं तुला हितं येऊ दिलं? दोर घेऊन?"

"का? काय आहे इथं, आजी?"

"मला काय ठावं बाई. आमी हितं एकमेकीला हाका मारत न्हाय, येवढंच. शेरडाला शीळ घालतो. बोलायचं ते खाली जाऊन." मग काठी टेकत वळता वळता म्हणाली, "बापाला इचार. त्याच्याबिगर कुणी न्हाय सांगायचं."

त्या संध्याकाळी म्हस्कू कामावर निघायच्या आधी म्हाळसानं त्याची सायकल धरून ठेवली. आई, सारजा, दारात जोंधळे पाखडत बसली होती. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि आत गेली. तिला ठाऊक होतं, काय निघणार आहे ते.

"आबा, त्या कड्यावर काय झालं होतं?"

म्हस्कू बराच वेळ सायकलीच्या घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिला.

"तुझा एक चुलता होता," तो म्हणाला. "गेणबा. माझ्याहून तीन वर्सांनी थोरला. तुझ्या जल्माआधी दोन सालं गेला."

"साप चावून ना?"

"तसं तुला सांगितलं." तो उकिडवा खाली बसला. "दिवाळीच्या तोंडाला आमी मेंढरं घेऊन माळावर हुतो. एक पिलू कड्याच्या मधल्या कपारीत उतारलं आन् तितंच अडाकलं. वरडायचं थांबंना. गेणबा म्हणला, मला सोड खाली. मोटंचा नाडा हुता, त्यो त्यानं कमरंला बांधला. मी वर. पाय दगडाला लावून नाडा पाठीवरनं घेतला आन् हाताहातानं सोडत ग्येलो. काठावरनं खालचं काय दिसत न्हवतं. नाडा काठाच्या दगडावर दबलेला, त्यामुळं वजनबी नीट कळंना."

आत सारजानं चूल पेटवल्याचा आवाज आला.

"मग त्यो म्हणला, 'म्हस्क्या, टेकलो मी. नाडा सोड, पिलू बांधायचंय.' मी म्हणलं, टेकलास का नीट? 'टेकलो की लेका, सोड.' म्या सोडला."

"आणि?"

"टेकला न्हवता."

म्हाळसा सायकल भिंतीला लावून त्याच्यासमोर बसली.

"खाली पोचलो तवा त्याच्यात धुगधुगी हुती. मला बघून म्हणला, 'का सोडलास?' बास, तेवढंच. मी गावाला सांगितलं, त्यानंच सोड म्हणून सांगितलं. पंचानी मानलं, पोलिसानी मानलं. आईनं न्हाय मानलं. मरंपर्यंत तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाय. तुझी चुलती छबू, ती भावाकडं निघून ग्येली. आन् मी... मला तीस सालं झाली, मलाच कळंना झालंय. ऐकलं हुतं का न्हाय? का नाडा हातातनं निसाटला आन् मागनं मीच मनात आवाज रचला?"

"आबा," म्हाळसा म्हणाली, "मीपण ऐकलाय."

तिला वाटलं होतं, बापाच्या जिवावरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. म्हस्कूचा चेहरा राखेसारखा झाला. तो उठला, दावणीपर्यंत गेला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून पाठमोरा उभा राहिला. मग परत आला.

"कुणाच्या आवाजात?"

"पोरीच्या. आणि आज माझ्या."

"म्हंजी तुजा आवाज घेतलाय त्यानं," म्हस्कू म्हणाला. "आता पाय ठेवू नगंस तितं."

दुसऱ्या दिवशी म्हाळसानं मुलींना सांगितलं की वर्ग घारकड्यावर होणार नाही, दिवाळीनंतर पुरंदरच्या बाजूला नवी जागा बघू. कारण सांगितलं नाही. तिथंच तिची चूक झाली. मुलींनी आपापलं कारण काढलं, आणि ते उत्कर्षाच्या नावावर गेलं: स्वतःच ढील मागितली, पडली, आणि आता नाही म्हणते. हिच्यापायी सगळ्यांचा कडा गेला. उत्कर्षा हे ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, स्वप्नालीची लूना म्हाळसाच्या अंगणात येऊन आडवी झाली. पोरीला धाप लागली होती.

"मॅडम, उत्कर्षा वर आहे. घारकड्यावर."

"काय?"

"ती म्हणाली, फक्त एकदा पूर्ण चढून दाखवते, तू धर. दोर तिनं कॉलेजातून आणला. फुगवट्याच्या वर गेली आणि... मॅडम, परत आवाज आला. 'सोड' म्हणाला. मी नाही सोडला. मग तो रडायला लागला, उत्कर्षाच्या आवाजात. 'हात दुखताहेत गं, सोड गं.' तरी मी नाही सोडला. दोर हिवराच्या झाडाला गाठ मारून बांधला आणि आले." तिनं ओढणीनं घाम पुसला. "निघताना समोरच्या टेकाडावरून बघितलं, ती कपारीत उभी आहे. वर येईना, खाली येईना. मी हाक मारली तर कान झाकून घेते."

घरात माणूस म्हणून म्हस्कू तेवढा होता, रात्रपाळी करून झोपलेला. तो कधी उठला, कधी ओसरीवर आला, कळलं नाही. त्यानं सदरा अंगात घातला आणि म्हणाला, "चल."

"आबा, तू नको."

"मग वर दोर कोण धरंल? ही पोरगी खाली लागल. तू मधी. वर कोण?"

म्हाळसानं कपाटातला स्वतःचा दोर घेतला.

कड्याखाली पोचल्यावर सगळं स्वप्नालीनं सांगितलं होतं तसंच होतं. दोर हिवराला बांधलेला, ताठ. वर काही हालचाल नाही. माळावर पाखरूही बोलत नव्हतं. म्हाळसा आणि म्हस्कू मागच्या वाटेनं माथ्यावर गेले. म्हस्कू तीस वर्षांनी त्या माथ्यावर पाय ठेवत होता, पण एकदाही अडखळला नाही. कुठला दगड कुठं आहे हे पायांना पाठ असल्यासारखा चालला.

म्हाळसानं शेजारीच जादा म्हणून ठोकलेली दुसरी कडी तपासली, तिच्यात लोखंडी आकडा अडकवला, दोराला त्याच्यातून वेढे दिले. असं केलं की म्हाताऱ्या हातालाही माणसाचं वजन पेलतं. तिनं बापाला दोनदा करून दाखवलं.

"हात-हातभर सोडायचा. घाई करायची नाही. चौदा हात सोडलेस की थांबायचं, दोन हिसके बसले की पुन्हा सुरू. मी उत्कर्षाजवळ जाऊन तिला धीर देते. मग तिला स्वप्नाली खालून सोडेल आणि मला तू, एकदमच. काहीही ऐकू आलं तरी दोर पुरता मोकळा करायचा नाही. मी हाक मारली तरी नाही. कुणी येऊन तुझ्या खांद्याला हात लावीपर्यंत नाही."

म्हस्कूनं तिच्याकडं बघितलं. "आन् हात बी त्यानंच लावला तर?"

"मी तुझ्या तोंडासमोर येऊन उभी राहीन," ती म्हणाली. "मला बघितल्याशिवाय सोडू नको."

"बरं."

ती काठावरून मागं झुकली. बापाचा चेहरा, मग त्याचे हात, मग फक्त दोर दिसत राहिला. मग दगड.

उत्कर्षा वीसेक फूट खाली एका अरुंद कपारीत दगडाला छाती लावून उभी होती. डोळे मिटलेले, दोन्ही कान तळव्यांनी दाबलेले. म्हाळसानं हाक मारली नाही. तिनं नुसता हात पुढं केला आणि मुलीच्या मानेवर ठेवला. उत्कर्षा शहारली. डोळे उघडले. बराच वेळ म्हाळसाचं तोंड निरखत राहिली, खरी आहे की नाही हे ठरवत असल्यासारखी. मग तिनं कान सोडले आणि म्हाळसाला अशी मिठी मारली की दोघी दोरावर झुलल्या.

"मॅडम, तो माझ्या आईच्या आवाजात बोलला," ती कानाशी पुटपुटली. "म्हणाला, उडी मार, मी झेलते."

"बोलू नको. मला धरून रहा."

खाली स्वप्नालीनं दोर हिवरावरून सोडवून हातात घेतला होता. म्हाळसानं ठरल्याप्रमाणं त्याला आणि आपल्या दोरालाही दोन-दोन हिसके दिले. दोघी कपारीतून सुटल्या आणि शेजारी शेजारी, हात-हातभर, खाली येऊ लागल्या. फुगवटा पायाखाली आला. त्याच्यावरून पाय टाकत त्या पलीकडं उतरल्या. आता पायाखाली चाळीस फूट मोकळी हवा होती. खाली स्वप्नालीचा वर केलेला चेहरा दिसत होता. तिला त्या दिसत होत्या. म्हस्कूला मात्र काठापलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

तेव्हा म्हाळसाच्या डोक्यावर, दगडातून, तिचा स्वतःचा आवाज आला. दमलेला, मोकळा, हसरा.

"आबा, टेकले मी. सोड आता."

ओरडावं, 'नको सोडू', असं म्हाळसाच्या जिभेवर आलं आणि तिथंच गोठलं. ती ओरडली तर बापाला एकाच आवाजात दोन हाका ऐकू येतील. त्यातली खरी कुठली, हे तो कसा ठरवणार? तिनं दात आवळले.

"टेकले की रे, आबा. दोर काचतोय. सोड."

दोर हातभर सुटला. एकदम. म्हाळसा खाली आली आणि उत्कर्षानं तिच्या दंडात नखं रुतवली. मग दोर थांबला. घट्ट, दगडासारखा घट्ट थांबला.

काही क्षण कड्यावर काहीच नव्हतं. आणि मग एक पुरुषाचा आवाज आला, जो म्हाळसानं जन्मात ऐकला नव्हता. तरणा, जरा चेष्टेखोर.

"म्हस्क्या, सोड की लेका. किती येळ धरणार?"

वरून म्हस्कूचं रडणं ऐकू आलं. लहान मूल रडतं तसं, हुंदके देत. आणि त्या हुंदक्यांतून त्याचा शब्द आला, "न्हाय. न्हाय सोडत, गेणबा. आता न्हाय."

आणि दोर पुन्हा हात-हातभर सुटू लागला.

पाय जमिनीला लागले तेव्हा उत्कर्षा तिथंच बसली आणि स्वप्नालीनं तिला कवटाळलं. म्हाळसानं दोर कमरेचा सोडला आणि मागच्या वाटेनं जीव खाऊन वर धावली. दहा मिनिटं लागली असतील.

म्हस्कू कडीपाशी बसला होता. पाय दगडाला लावलेले, दोर मुठीत. दोराच्या पलीकडच्या टोकाला आता कुणीही नव्हतं, तरी त्याचे दंड ताठ होते. तळव्यांची साल निघाली होती. म्हाळसा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं. पायांपासून तोंडापर्यंत, सावकाश.

"खरंच टेकलीस?"

"टेकले, आबा."

तरी त्यानं दोर सोडला नाही. म्हाळसा खाली बसली आणि त्याची बोटं एकेक करून उकलली.

उतरताना तिनं विचारलं, "तुला कसं कळलं, ती मी नाही म्हणून?"

"कुठं कळलं?" म्हस्कू म्हणाला. "तूच हुतीस. आवाज तुजाच. म्हणून तर हातभर सुटला." त्यानं सोललेले तळवे सदऱ्याला पुसले. "मी म्हणलं, खरीच टेकली आसंल तर शिव्या देईल, देऊ दे. धरून ठेवल्यानं कोन मरत न्हाय."

घारकड्यावरच्या कड्या म्हाळसानं काढल्या नाहीत. त्यासाठी पुन्हा वर दोर न्यावा लागला असता. मुलींना तिनं यावेळी सगळं खरं सांगितलं. दोघी-तिघी हसल्या, स्वप्नाली आणि उत्कर्षा हसल्या नाहीत. दिवाळीनंतरचे वर्ग पुरंदरच्या बाजूच्या एका टेकडीवर झाले, आणि डिसेंबर संपेपर्यंत चालले. तिथं 'ढील' म्हटलं की चांगलं दोनदा ढील ऐकू येई. पण म्हाळसाच्या मुली वर चढणारी डोळ्यांनी दिसल्याशिवाय दोर सोडत नसत.

कार्तिक संपता संपता एका सकाळी म्हस्कूनं धुतलेलं धोतर नेसलं आणि म्हाळसाला म्हणाला, "मला सोमेश्वरनगरला न्हेऊन सोड. छबूवैनीकडं."

साखर कारखाना सुरू झाला होता. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग, तोडकऱ्यांच्या पालांतून धूर. छबूबाई भावाच्या घराच्या ओट्यावर उन्हाला बसली होती. डोळे अधू झाले होते, पण म्हस्कूच्या पावलावरून तिनं त्याला ओळखलं.

म्हस्कूनं सगळं सांगितलं. तीस वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. म्हाळसा बाजूला उभी राहून दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

"म्हंजी तवा आवाज आला हुता," छबूबाई अखेर म्हणाली.

"आला हुता, वैनी."

"आला आसंल. मी कवा खोटं म्हणलं न्हवतं." तिनं पदरानं डोळे टिपले. "पर दोर तुमच्या हातात हुता, भावजी."

म्हस्कूनं मान खाली घातली. "व्हय," तो म्हणाला. "हुता."

मग छबूबाईनं विचारलं, "दमलेला वाटला का? त्यो बोलला तवा?"

"न्हाय. हसत हुता. तसाच हाय, तरणा."

छबूबाईनं मान डोलावली, आणि भावाच्या सुनेला चहा टाकायला सांगितलं.

परतताना ऊन कलतीला लागलं होतं. दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते. म्हस्कू लूनावर मागं बसला होता, पोरीच्या खांद्याला धरून. कालव्याचा पूल ओलांडल्यावर तो पुढं वाकला.

"आत्ता काय म्हणलीस? सोड म्हणलीस?"

"काही नाही, आबा."

मग त्यानं तिचा खांदा थोडा जास्त घट्ट धरला.

"बरं," तो म्हणाला. "चल तू."